राजवाडा जळला तेव्हा मापं कुणाकडे होती?

आमच्या इंदूरचा राजवाडा तीनदा जळलाय, १८०१, १९०८ आणि मग १९८४ च्या दंगलीत. मल्हाररावांनी १७४७ मध्ये बांधायला घेतलेला, सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, म्हणजे पेटायला सगळा सरंजाम तयारच. १९८४ ला मागचा भाग गेला, दर्शनी भाग वाचला, आणि मागचं पुन्हा उभं राहायला वीस वर्षांच्या वर गेली. आणि जळालेलं जसंच्या तसं उभारायचं तर जुनी मापं हवीत.

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये राजवाड्यासमोर काढलेला एक फोटो आहे, मागे झरोके, त्यांना खालून आधार देणारे, भिंतीतून पुढे आलेले तोडे सगळं दिसतं, पण तोडा किती इंच पुढे आलाय ते विचाराल तर फोटो गप्प.

फोटोला बोलतं करायची धडपड खरं तर फार जुनी. १८५८ मध्ये जर्मनीत वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा वास्तुविशारद वरून पडता पडता वाचला, आणि मग म्हणे वर चढण्यापेक्षा फोटोवरूनच मापं काढू. लेझर आला १९६० मध्ये, पण त्याने मापं घेणारा, इमारतीसमोर नेऊन ठेवता येईल असा स्कॅनर यायला १९९० चं दशक संपत आलं. तो बनवणाऱ्यांतला बेन कासिरा मूळचा इराकमधल्या मोसुलचा, आणि २००१ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्यावर त्याने २००३ ला सायआर्क ही संस्था काढली, जे आहे ते निदान मोजून तरी ठेवू म्हणून. आपल्याकडे गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर अशीच २०११ मध्ये स्कॅन झाली.

काम तसं साधं वाटतं. ट्रायपॉडवरचा डबा गोल फिरत लेझर सोडतो आणि उजेड भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, दहा मीटरवरच्या खांबाला जाऊन यायला सेकंदाचा साधारण दीड कोटीवा भाग लागतो, आणि असे कोट्यवधी ठिपके जमले की त्याला म्हणायचं पॉइंट क्लाउड. पण लेझरला वळून बघता येत नाही, तोड्याच्या मागे सावलीत जे आहे तिथे क्लाउडमध्ये चक्क भोक पडतं, मग डबा उचला, दुसरीकडे मांडा, पुन्हा स्कॅन करा आणि नंतर सगळं एकमेकांना जुळवत बसा.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं नशीब बघा, अँड्र्यू टॅलन या प्राध्यापकाने २०१० मध्ये पन्नासच्या वर जागांवरून ते स्कॅन केलं होतं, अब्जाहून जास्त ठिपके, आणि ते २०१९ ला जळालं तेव्हा दुरुस्तीवाल्यांच्या हाताशी मापं होती. टॅलन स्वतः आदल्याच वर्षी वारला होता.

अर्थात लेझर फक्त वरचं कातडं बघतो. सागाच्या खांबाला आतून वाळवी लागलीये का हे त्याला कळत नाही, त्यासाठी अजूनही जुना सुतार बोटांच्या पेरांनी टकटक करतो आणि कान लावतो.