बंपरपुढचा पाईप आणि सात सेंटिमीटर

रोही, म्हणजे नीलगाय, हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा जुना वैरी. हरभरा, तूर, ज्वारी, काही म्हणून शिल्लक ठेवत नाही. रात्री रस्त्यावर आला की तो गाडीवाल्याचाही वैरी होतो. पूर्ण वाढलेला नर दोन क्विंटलच्या पुढे भरतो आणि बांधावरून एका उडीत डांबरावर येतो. म्हणून नवी गाडी दारात आली, की पूजेचं कुंकू वाळायच्या आत कुणीतरी सांगतंच, "दादा, पुढून गार्ड टाकून घ्या." बायपासवरचा फॅब्रिकेशनवाला जाड लोखंडी पाईप वाकवतो, वेल्डिंग मारतो आणि गार्ड थेट चेसिसला बोल्टांनी आवळून देतो. त्यातले बरेचसे गार्ड रोहीसाठी नसतात, रुबाबासाठी असतात. ते असो. प्रश्न असा की गाडीसमोर रोहीऐवजी माणूस आला तर काय होतं?

आपल्याकडे तो येतोच. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की रस्त्याच्या कडेने बैलगाड्या आणि माणसं चालत असतात. नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरच्या वाटांवर पायी जाणाऱ्या भाविकांची रांग लागते. आषाढीआधी पैठणहून नाथांची पालखी निघते. आणि वर्षभर, कुठल्याही राज्य मार्गावर, दप्तर घेऊन शाळेला निघालेली पोरं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात पादचारी जवळपास २० टक्के आणि दुचाकीस्वार ४४ टक्क्यांहून अधिक होते.

आता धडकेकडे पाहू. गाडी दीड टनाची, माणूस साठ किलोचा. माणसाला धडकून गाडीचा वेग फारसा कमी होत नाही. माणसालाच क्षणार्धात गाडीचा वेग घ्यावा लागतो. हा वेग तो किती अंतरात घेतो, यावर त्याचं हाड मोडणार की नुसता मुका मार बसणार हे ठरतं. वरून फेकलेली वीट झेलणारा गवंड्याचा गडी हात किंचित मागे घेतो तो याचसाठी. नव्या गाड्यांचा पुढचा भाग हेच काम करायला घडवलेला असतो. बाहेर प्लास्टिकचं पातळ कवच, त्यामागे चेपणारा फोम, त्याच्याही मागे लोखंडी आडवा बीम. बोनेटचा पत्रा पातळ, आणि त्याच्याखाली इंजिनापर्यंत मुद्दाम मोकळी सोडलेली जागा. "पूर्वीच्या गाड्या कशा दणकट, आताचे पत्रे बोटाने दबतात," ही पारावरची तक्रार खरी आहे. पत्रा दबतो, कारण तो दबावा म्हणूनच केलेला असतो.

याची चाचणीही ठरलेली आहे. भारतात पादचारी सुरक्षेसाठी एआयएस-१०० नावाचं मानक आहे. २०१८च्या ऑक्टोबरपासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना ते लागू होऊ लागलं. ज्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या धर्तीवर ते बेतलं आहे, तिच्यात मुलाच्या डोक्याएवढा साडेतीन किलोचा आणि मोठ्या माणसाच्या डोक्याएवढा साडेचार किलोचा गोळा ताशी ३५ किलोमीटर वेगाने बोनेटवर आदळवतात. आत बसवलेली यंत्रं धक्का मोजतात आणि त्यावरून डोक्याच्या इजेचा एक निर्देशांक काढतात. तो बोनेटच्या बहुतांश भागावर १००० च्या आत राहिला पाहिजे.

गणित कागदावर करून पाहता येतं. ताशी ३५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ९.७ मीटर, पावणेपाच मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूला जमिनीजवळ हाच वेग असतो. समजा, डोकं एकसारखं मंदावत सात सेंटिमीटर अंतरात थांबलं. मग त्यावर गुरुत्वाच्या सुमारे ७० पट धक्का बसतो आणि निर्देशांक येतो ५७० च्या आसपास. माणूस वाचण्याची चांगली आशा. तेच डोकं तीन सेंटिमीटरांत थांबवलं, तर आकडा २००० वर जातो. आणि चेपण्याचं नावच न घेणाऱ्या पाईपावर ते एका सेंटिमीटरात थांबलं, तर धक्का गुरुत्वाच्या ४८० पट आणि निर्देशांक दहा हजारांच्या पुढे. अंतर सातपटीने घटलं आणि इजेचा आकडा अठरापटीने वाढला. कारण या सूत्रात धक्क्याचा अडीचावा घात घेतात: मेंदूला लहान धक्का बराच वेळ सोसतो, मोठा धक्का निमिषभरही सोसत नाही. प्रत्यक्षात धक्का इतका एकसारखा नसतो, त्यामुळे आकडे मागेपुढे होतील, पण दिशा हीच राहील.

शिवाय पाईपाचा स्पर्श अरुंद. रुंद बंपर जो जोर मांडीपासून नडगीपर्यंत पसरवतो, तो इथे दोन-अडीच इंचांच्या पट्टीत उतरतो.

गुडघ्याचं प्रकरण आणखी नाजूक आहे. गुडघा पुढेमागे वाकतो, बाजूला वाकत नाही. रस्ता ओलांडणाऱ्याला गाडी बहुतेकदा बाजूनेच लागते. म्हणून बंपरच्या खालच्या ओठाला आतून आधार देतात, म्हणजे नडगी आणि गुडघा एकाच वेळी ढकलले जाऊन पाय सरळ उचलला जावा आणि अंग बोनेटवर लोळावं. बोनेटवर लोळणं हे ऐकायला भयंकर वाटलं तरी चाकाखाली जाण्यापेक्षा शतपटीने बरं. गार्डची वरची नळी हा क्रमच मोडते. ती मोठ्या माणसाला मांडीवर किंवा कमरेवर लागते, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला छातीवर नाहीतर थेट डोक्यावर. मूल बोनेटवर येत नाही; पुढे फेकलं जातं आणि गाडी त्याच्यावरून जाऊ शकते. गार्ड नसतानाही उंच, उभ्या तोंडाच्या गाड्यांचा हाच दोष आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ते सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला. साधारण एक मीटरपेक्षा उंच बोनेटच्या गाड्यांकडून पादचाऱ्याचा जीव जाण्याचा संभव, पाऊण मीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या तोंडाच्या गाड्यांच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाला. अशा गाडीला वरून लोखंडी गार्ड म्हणजे दुखण्यावर डागणी.

आतल्या माणसांनाही त्याचा जाच आहे. गाडीचा पुढचा भाग ठरावीक क्रमाने चुरगळतो आणि त्यावरून सेन्सर काही मिलिसेकंदांत एअरबॅगचा निर्णय घेतात. चेसिसला घट्ट जोडलेला गार्ड धक्का थेट सांगाड्यात नेतो, तेव्हा सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. बॅग उशिरा उघडेल, किंवा किरकोळ धक्क्यालाही उघडेल.

मग रोहीचं काय? रानडुक्कर किंवा कुत्रं आडवं आलं आणि वेग कमी असला, तर गार्ड रेडिएटर आणि हेडलॅम्पचा खर्च वाचवतो. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. पण रोह्याचे पाय लांब आणि धड उंच. धडक पायांना बसते आणि दोन क्विंटलचं धड काचेवर येतं. तिथे गार्ड पोचतच नाही. ताशी ८० च्या वेगात ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ३०-३५ मीटर संपतात आणि थांबायला तेवढेच आणखी लागतात. डिपरचा उजेड बहुधा इतका लांब पोचत नाही. ताशी ६० ला हेच सगळं ४५ मीटरांत आटोपतं. रोह्यावरचा खरा उपाय एक्सलेटरखालीच आहे, पण तो दुकानात विकत मिळत नाही आणि मिरवताही येत नाही.

कायदा स्पष्ट आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये सगळ्या राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणाऱ्या कलमाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. युरोपने २००५ मध्ये नियम केला की गार्ड विकायचा असेल तर तो आधी पादचारी सुरक्षेच्या चाचणीत उतरला पाहिजे. ताठ लोखंडी पाईप अशा चाचणीत टिकणं अवघडच.

काढून टाकणं सोपं आहे; बोल्ट तेवढे सोडायचे. मात्र गार्ड बसवताना बंपर खोलला असेल, तर मेकॅनिकला कवच एकदा उतरवायला लावावं आणि फोम जागेवर आहे का, कापलेला तर नाही ना, हे स्वतः पाहावं. जुनी गाडी घेताना तर नक्कीच. बाहेरून कवच अखंड दिसतं, पण आत फोम नसेल तर ते सात सेंटिमीटर गेलेलेच असतात.