बँकेचं भांडवल तिजोरीत नसतं हो!

'बँकांना आता जास्त भांडवल बाजूला काढून ठेवावं लागणार, त्यामुळे कर्जं कमी मिळणार.' अशा अर्थाची बातमी दर काही महिन्यांनी येते, खाली लोक माना डोलावतात, आणि माझी चिडचिड होते. बाजूला काढून ठेवतात ती रोकड. भांडवल बाजूला काढायचं म्हटलं तरी काढता येत नाही, कारण ते कुठल्या कपाटात किंवा खात्यात पडलेलंच नसतं. रिझर्व्ह (म्हणजे रोकड) आणि कॅपिटल (म्हणजे भांडवल) या दोन गोष्टींची अशी खिचडी करणाऱ्यांत अर्थविषयक पानं लिहिणारेही आहेत, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

रोकड सगळ्यांनाच कळते, तिच्यावर वेळ घालवत नाही. तिजोरीतल्या नोटा आणि देशाच्या मध्यवर्ती बँकेत (आपल्याकडे रिझर्व्ह बँक) त्या बँकेच्या नावावर असलेली शिल्लक, बास. ठेवीदार दारात आला की यातून द्यायचं. काही देशांत ठेवींच्या अमुक टक्के रोकड ठेवायची सक्ती असते, काही देशांत नसते, ब्रिटन आणि कॅनडात नाहीच आणि अमेरिकेनेही मार्च २०२० मध्ये ती शून्यावर आणली. म्हणून तिथल्या बँका मोकाट सुटल्या असं मात्र नाही, भांडवलाचे नियम जागेवरच आहेत.

आता भांडवल. बँकेकडे जे जे आहे (दिलेली कर्जं, घेतलेले बाँड म्हणजे कर्जरोखे, रोकड, इमारती) त्याची बेरीज करा, त्यातून लोकांचं जे जे देणं आहे ते वजा करा, जे उरतं ते भांडवल. म्हणजे ती एक वजाबाकी आहे, वस्तू नाही. ताळेबंदात ते मालमत्तेच्या बाजूला नसतं, देण्यांच्या बाजूला असतं, कारण तो 'पैसा कुठून आला' या प्रश्नाच्या उत्तराचा भाग आहे: इतका ठेवीदारांकडून, इतका बाहेरून उसना, आणि इतका मालकांचा, म्हणजे भागधारकांनी घातलेला आणि नफ्यातून न वाटता राखलेला. रोकड हे 'पैसा आत्ता कुठे आहे' या दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर. प्रश्नच वेगळे, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून चालत नाही.

आकडे घेऊनच बघू, मुद्दाम गोंधळ होईल असे. समजा एका बँकेची मालमत्ता १०० आहे: कर्जं ८०, बाँड १२, रोकड ८. देण्यांच्या बाजूला ठेवी ९२ आणि भांडवल ८. दोन्हीकडे ८ दिसले की दहातले नऊ जण म्हणणार, बघा, भांडवलाचे ८ रोकडीत ठेवलेत! आता त्याच बँकेने ३ ची इमारत घेतली. रोकड ५ झाली, इमारत ३ ची आली, भांडवल ८ होतं ते ८ च. परत मूळ आकड्यांवर या, आणि कर्जांपैकी ५ बुडाले असं धरा. कर्जं ७५ उरली, तिजोरीला धक्काही नाही, तिथे ८ आहेतच, ठेवीदारांचं देणंही ९२ च, पण भांडवल ८ वरून ३ वर आलं. परत मूळ आकडे, आणि ठेवीदारांनी ६ काढून नेले. रोकड २ उरली, ठेवी ८६, भांडवल? जसंच्या तसं ८. तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी घडल्या आणि दोन्ही आठ एकदाही बरोबरीने हलले नाहीत.

इथपर्यंत पटलं असेल तर त्या बातमीतला घोळ आपोआप दिसेल. भांडवलाची अट ८ वरून १० केली म्हणजे २ गोठले असं होत नाही. अट एवढंच म्हणते की १०० च्या मालमत्तेसाठी मालकांचा पैसा ८ नाही, १० असू दे, उसना ९२ नाही, ९० असू दे. तो मालकांचा पैसाही कर्ज म्हणून वाटता येतो, वाटतातच. फार तर काही वर्षं डिव्हिडंड कमी देऊन नफा आत ठेवावा लागेल, किंवा नवे शेअर काढावे लागतील, आणि भागधारकांना ते आवडत नाही. हां, हे दोन्ही न करता बँकेने सरळ कर्जं कमी करून टक्केवारी जुळवली तर कर्जवाटप खरंच आटतं, ते मी नाकारत नाही, पण तो बँकेने निवडलेला रस्ता झाला, नियमाने पैसा कुलपात घातला असं नाही ना! मोठ्या बँकांच्या बाजूने बोलणारे नेमकी हीच भाषा वापरतात आणि लोकांना वाटतं की त्यांच्या कर्जाचाच पैसा कोणीतरी अडवून ठेवलाय.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. दोन्ही टक्केवारीत मोजतात, पण रोकडीची टक्केवारी ठेवींवर आणि भांडवलाची जोखमीप्रमाणे वजन लावलेल्या मालमत्तेवर (जोखीम जास्त तितकी ती मालमत्ता मोजणीत मोठी धरतात), १९८८ च्या बासेल करारात, म्हणजे बँकांच्या भांडवलाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, ती किमान ८ टक्के ठरली. माझ्या उदाहरणात मी ही वजनं लावली नाहीत, मुद्द्याला फरक पडत नाही.

फरक पडतो तो बँक अडचणीत आल्यावर, कारण दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. रोकड संपली तर मध्यवर्ती बँक तारण घेऊन रोकड उसनी देऊ शकते, ते तिचं कामच आहे. भांडवल संपलं तर तिचं कर्ज कुचकामी, कारण उसने १० आणले की रोकड १० ने वाढते आणि देणंही १० ने वाढतं, वजाबाकी तिथल्या तिथेच. भोक बुजवायला कोणीतरी परत न मागता येणारा पैसा घालावा लागतो, भागधारक नाहीतर सरकार. २००८ ची गोष्ट घ्या. अमेरिकेची मध्यवर्ती बँक २००७ च्या ऑगस्टपासून उसन्या रोकडीचे नवेनवे मार्ग काढत होती, तरी २००८ च्या शरद ऋतूत सगळं कोसळायला आलंच. शेवटी ऑक्टोबर २००८ मध्ये सरकारने ७०० अब्ज डॉलरच्या योजनेतले २५० अब्ज बँकांचे प्रेफरन्स शेअर (डिव्हिडंड आधी मिळणारे शेअर, म्हणजे भांडवलच) घ्यायला राखले, त्यातले १२५ अब्ज नऊ बड्या संस्थांसाठी. याला आणि आधीच्या उसनवारीला एकाच दमात 'बँकांना पैसे वाटले' म्हणणारे भेटले की मी विषय बदलतो.

उलटं उदाहरण नॉर्दर्न रॉक. या ब्रिटिश बँकेचं भांडवल कागदावर इतकं छान दिसत होतं की जुलै २००७ मध्ये तिने डिव्हिडंड वाढवून जाहीर केला, आणि सप्टेंबरमध्ये तिच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा. घरकर्जं लांब मुदतीची आणि त्यासाठीचा बराचसा पैसा बाजारातून थोड्या मुदतीने उचललेला, तो बाजार ऑगस्टमध्ये थिजला आणि रोकड आटली.

कोणी म्हणेल, मग दोन्हींचा संबंधच नाही का? आहे, आणि तो घातक आहे. वरच्याच बँकेतून ठेवीदारांनी १४ मागितले तर रोकडीचे ८ जातील, उरलेल्या ६ साठी बाँड विकावे लागतील. घाईत अर्ध्या किमतीला विकले तर १२ चे ६ आले, देणं भागलं, पण तोट्याचे ६ भांडवलातून गेले आणि ८ चे २ उरले. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं असंच झालं. ८ मार्च २०२३ ला तिने सांगितलं की २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्ज तोटा घेतलाय आणि २.२५ अब्ज नवं भांडवल उभं करणार आहोत. दुसऱ्या दिवशी एका दिवसात ४२ अब्ज काढले गेले आणि त्याच्या पुढच्या दिवशी आणखी १०० अब्ज काढायच्या मागण्या रांगेत होत्या. व्याजदर वाढल्याने तिच्या उरलेल्या बाँडांची किंमत आधीच घसरलेली होती, फक्त मुदतीपर्यंत धरून ठेवणार म्हणून तो तोटा भांडवलातून वजा दाखवला नव्हता. तेव्हा 'ती रोकडीची अडचण होती की भांडवलाची' यावर भांडणाऱ्या दोन्ही गटांचं मला काही कळत नाही, रोकड लागली म्हणून विकायची वेळ येणार होती आणि विकलं असतं तर भांडवल जवळपास उरलंच नसतं.

माझं मत विचाराल तर रोकडीच्या नियमांवर जेवढा खल होतो त्याच्या निम्मा जरी भांडवलावर झाला तरी बरं होईल, कारण रोकड रात्रीतून उसनी आणता येते. बासेल ३ मध्ये (त्याच कराराची नंतरची आवृत्ती) जोखमीची वजनं न लावता मोजायचं एक प्रमाणही आहे, किमान ३ टक्के. म्हणजे १०० मध्ये मालकांचे ३, दुसऱ्यांचे ९७. कर्ज मागायला आलेल्या धंद्याचा ताळेबंद असा दिसला तर हीच बँक त्याला दारात उभं करणार नाही.