एसक्यूएल निर्मिती-स्क्रिप्ट : दोषनिवारण

डेटाबेस आणि त्यातली टेबले उभी करणाऱ्या, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या आज्ञा क्रमाने लिहिलेल्या मजकूर-फाइलला निर्मिती-स्क्रिप्ट म्हणतात. अशी स्क्रिप्ट सर्व्हरवर चालवताना कधी पहिल्याच ओळीत अडते, कधी अर्धी चालून थांबते, तर कधी एकही तक्रार न करता चुकीची रचना उभी करते. यांपैकी काहीही झाले, तरी कारण हुडकून ते दूर करण्याच्या कामाला दोषनिवारण म्हणतात. पहिल्या दोन प्रकारांत सर्व्हर स्वतःच एरर दाखवतो. तिसरा प्रकार महिनोन्महिने कळत नाही, आणि खरे नुकसान बहुधा त्यातच होते.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांच्या रूपात मांडण्याची कल्पना) मांडले. त्याच्या आधारे आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एसक्यूएल ही भाषा घडवली; तिच्यावरचा त्यांचा निबंध १९७४ चा आहे. अमेरिकेच्या एएनएसआय या संस्थेने १९८६ मध्ये आणि आयएसओने १९८७ मध्ये तिचे प्रमाणरूप स्वीकारले. तरीही डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापली बोली राखली, आणि हे वेगळेपण टेबल तयार करण्याच्या आज्ञांत फार जाणवते. आपोआप वाढणारा क्रमांक हवा असेल तर मायएसक्यूएलमध्ये ‘ऑटो_इन्क्रिमेंट’ लिहितात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘आयडेंटिटी’, पोस्टग्रेसमध्ये पूर्वापार ‘सीरियल’. ओरॅकलमध्ये १२सी आवृत्ती येईपर्यंत त्यासाठी वेगळा सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारी सोय) करून ट्रिगर (ओळ घालताना आपोआप चालणारी आज्ञा) लावावा लागे. त्यामुळे अडलेली स्क्रिप्ट हातात आली की ती कोणत्या सर्व्हरसाठी आणि त्याच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली होती, हे आधी विचारावे. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडते.

वाक्यरचनेचे दोष : मायएसक्यूएलची १०६४, एसक्यूएल सर्व्हरची १०२ आणि पोस्टग्रेसची ४२६०१ या तिन्ही एरर वाक्यरचना चुकल्याचे सांगतात. त्यांतल्या ‘नियर’ या शब्दापुढचा मजकूर नीट वाचला पाहिजे. वाचता वाचता ज्या शब्दापाशी सर्व्हर अडखळला तो शब्द तिथे छापलेला असतो. मूळ चूक सहसा त्याच्या अलीकडे असते. उदाहरणार्थ :

क्रिएट टेबल विद्यार्थी
(
क्रमांक इंट प्रायमरी की
नाव व्हारचार(१००)
);

येथे तिसऱ्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम राहिला आहे, पण मायएसक्यूएल ‘नाव व्हारचार(१००)’ हा मजकूर आणि चौथी ओळ दाखवते. नवशिका त्या चौथ्या ओळीकडे बघत बसतो आणि तिच्यात त्याला काहीच वावगे दिसत नाही. उलट, शेवटच्या कॉलमनंतर जादा स्वल्पविराम पडला असेल तर ‘नियर’नंतर बंद होणारा कंस येतो. ‘नियर’नंतर काहीच नसेल तर आज्ञा अपुरी संपली असे समजावे, बहुधा कंस मिटलेला नसतो. ओळक्रमांकाचेही असेच आहे. मायएसक्यूएलच्या क्लायंटला (सर्व्हरकडे आज्ञा पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला) पूर्ण फाइल दिली की एररच्या सुरुवातीला एक क्रमांक येतो आणि शेवटी दुसरा. पहिला ती आज्ञा फाइलच्या कितव्या ओळीपासून सुरू होते ते सांगतो, दुसरा त्या आज्ञेच्या आतली ओळ. एसक्यूएल सर्व्हर मागच्या ‘गो’पासून (आज्ञांचा एक गठ्ठा संपल्याच्या खुणेपासून) ओळी मोजतो. हे माहीत नसेल तर दोनशे ओळींच्या फाइलमध्ये भलत्याच जागी शोध चालू राहतो.

राखीव शब्द हा दुसरा नेहमीचा अडथळा. ‘ऑर्डर’, ‘ग्रुप’, ‘यूजर’ ही नावे टेबलाला सहज सुचतात. त्यातही ‘यूजर’ मायएसक्यूएलमध्ये चालते आणि पोस्टग्रेसमध्ये अडते. आवृत्ती बदलली की यादीही वाढते : ‘रँक’ हा शब्द मायएसक्यूएल ८.० मध्ये राखीव झाला आणि त्या नावाचा कॉलम असलेल्या जुन्या स्क्रिप्ट तिथे बंद पडल्या. अशा वेळी नाव मायएसक्यूएलमध्ये बॅकटिकमध्ये (`), एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकटी कंसात आणि ओरॅकल व पोस्टग्रेसमध्ये दुहेरी अवतरणात घालता येते. शक्य असेल तर नावच बदलावे हे उत्तम. पोस्टग्रेसमध्ये अवतरणात मोठ्या रोमन अक्षरांनी दिलेले नाव पुढे प्रत्येक क्वेरीत तसेच, अवतरणासकट लिहावे लागते. अवतरण विसरले की सर्व्हर ते छोट्या अक्षरांत बदलून घेतो आणि ‘असे टेबलच नाही’ म्हणतो.

डोळ्यांना न दिसणारे दोषही असतात. वर्ड किंवा व्हॉट्सॲपमधून कॉपी केलेल्या स्क्रिप्टमध्ये सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात. नोटपॅडमधून सेव्ह केलेल्या फाइलच्या आरंभी कधी कधी बीओएम नावाचे अदृश्य चिन्ह बसते आणि पहिलीच आज्ञा विनाकारण फसल्यासारखी वाटते. ‘गो’ आणि ‘डिलिमिटर’ हे शब्द तर एसक्यूएलचे नव्हेतच. पहिला मायक्रोसॉफ्टच्या क्लायंटसाठी आहे, दुसरा मायएसक्यूएलच्या. जावा किंवा पीएचपीच्या प्रोग्रॅममधून तीच फाइल थेट सर्व्हरकडे पाठवली की तो या शब्दांवर अडतो.

डेटाबेस निवडण्यातले दोष : ‘क्रिएट डेटाबेस’ झाले म्हणजे पुढची टेबले त्यातच जातील असे नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘यूज’ विसरले तर १०४६ क्रमांकाची, डेटाबेस निवडलेला नसल्याची एरर येते, आणि प्रकरण तिथेच थांबते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते थांबत नाही. समजा, स्क्रिप्टमध्ये दिलेला डी ड्राइव्हवरचा फाइल-पथ या मशीनवर नाही. मग ‘क्रिएट डेटाबेस’ ५१३३ ही एरर देऊन फसते, त्यामुळे पाठोपाठचे ‘यूज’ ९११ देऊन फसते, पण ‘गो’नंतरचे गठ्ठे चालूच राहतात. प्रशासकाच्या लॉगिनने जोडलेले असाल तर सगळी टेबले ‘मास्टर’ या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. संस्थेच्या ‘मास्टर’मध्ये कुणाचीतरी ग्राहक आणि बिलांची टेबले सापडतात ती अशी. पोस्टग्रेसमध्ये ‘यूज’ ही आज्ञाच नाही. नव्या डेटाबेसशी नवी जोडणी करावी लागते. तिथे ‘क्रिएट डेटाबेस’ ट्रान्झॅक्शनच्या (सगळ्या मिळून पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटाच्या) आत चालत नाही आणि तिला ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ची जोडही देता येत नाही.

परवानगीचे दोष ओळखायला सोपे. मायएसक्यूएलमध्ये १०४५ म्हणजे लॉगिनच झाले नाही, १०४४ म्हणजे लॉगिन झाले पण त्या डेटाबेसवर अधिकार नाही; एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस करण्याचा अधिकार नसेल तर २६२. पोस्टग्रेसच्या २०२२ साली आलेल्या १५ व्या आवृत्तीत ‘पब्लिक’ स्कीमामध्ये (डेटाबेसमधल्या टेबलांच्या कप्प्यात) टेबल करण्याचा सर्वांना असलेला अधिकार काढून घेतला गेला. त्यामुळे १४ वर बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट १५ वर परवानगी नाकारल्याचे सांगते. दोष स्क्रिप्टचा नसतो, ‘ग्रँट’ (अधिकार देणारी आज्ञा) देणे राहिलेले असते.

फॉरेन की : एका टेबलातला कॉलम दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवतो, त्या अटीला फॉरेन की म्हणतात. सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग हाच. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत १००५ (सोबत १५०) किंवा १२१५ असा क्रमांक येई आणि कारण काहीच कळत नसे. ते कळण्यासाठी ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ (इनोडीबी हे मायएसक्यूएलचे डेटा साठवणारे नेहमीचे इंजिन) चालवून त्यातला सर्वांत अलीकडच्या फॉरेन की एररचा भाग वाचावा लागे. ८.० ने कारणांचे वेगळे क्रमांक दिले. १८२४ म्हणजे मूळ टेबल अजून अस्तित्वात नाही, १८२२ म्हणजे मूळ कॉलमवर इंडेक्स (शोधासाठीची सूची) नाही, ३७८० म्हणजे दोन कॉलमचे प्रकार जुळत नाहीत. शेवटचा प्रकार फसवा असतो. ‘शाखा’ टेबलात आयडी ‘इंट अनसाइन्ड’ (ऋण संख्या न घेणारा पूर्णांक) आहे आणि ‘विद्यार्थी’ टेबलात शाखा_आयडी नुसता ‘इंट’ आहे. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरला नाही. मजकुराच्या कॉलमच्या बाबतीत कॅरेक्टर सेट (चिन्हे साठवण्याची पद्धत) आणि कोलेशनही (चिन्हांची तुलना व क्रम ठरवणारे नियम) जुळावे लागते. एक टेबल जुने आणि दुसरे आवृत्ती बदलल्यानंतरचे असेल तर हेच नेमके जुळत नाही.

क्रमाचा नियम साधा आहे : जिच्याकडे बोट दाखवायचे ती टेबल आधी, दाखवणारी नंतर, ड्रॉप करताना (काढून टाकताना) उलट. दोन टेबले एकमेकींकडे बोट दाखवत असतील (विभागाचा प्रमुख हा कर्मचारी आणि प्रत्येक कर्मचारी कुठल्या तरी विभागात) तर दोन्ही आधी फॉरेन कीशिवाय करून मग ‘ऑल्टर टेबल’ने की जोडाव्यात. ‘फॉरेन_की_चेक्स’ शून्य करून क्रमाचा प्रश्न टाळता येतो आणि मायएसक्यूएलची बॅकअप-फाइल तसेच करते. मात्र ती तपासणी पुन्हा चालू केल्यावर मधल्या काळात आलेल्या ओळी सर्व्हर मागे जाऊन तपासत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

देवनागरी आणि कॉलमची लांबी : मराठी मजकूर ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये हा विषय टाळता येत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘ज्ञानेश्वर’ या नावात मात्रा, काना आणि हलन्त धरून १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. ओरॅकलमध्ये ‘व्हारचार२(३०)’ ही लांबी मूळ सेटिंगमध्ये बाइटमध्येच मोजली जाते. त्या कॉलमात ‘ज्ञानेश्वर’ काठोकाठ मावते आणि ‘ज्ञानेश्वरी’ १२८९९ ही एरर देऊन परत येते. टेबल करतानाच ‘३० चार’ (‘चार’ म्हणजे कॅरेक्टर, आकडा नव्हे) असे लिहिले की लांबी चिन्हांत मोजली जाते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस चिन्हेच मोजतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम ‘एनव्हारचार’ हवा आणि स्क्रिप्टमधल्या मराठी मजकुराआधी ‘एन’ हे अक्षर हवे. नेहमीच्या मांडणीत ते राहिले तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग जमा होते, आणि एकदा प्रश्नचिन्हे झाली की मूळ नाव परत मिळत नाही.

मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ८’ हा सेट ३ बाइटपर्यंतच जातो. देवनागरी त्यात बसते, इमोजी नाही; म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ वापरतात. पण तो घेतला की १०७१ ही, की फार लांब झाल्याची एरर जुन्या सर्व्हरवर उगवते. तिथे इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट होती. ३ बाइटच्या हिशेबाने २५५ चिन्हांना ७६५ लागत आणि ते बसत. ४ च्या हिशेबाने १०२० होतात. अनेक स्क्रिप्टमध्ये ‘व्हारचार(१९१)’ हा विचित्र आकडा दिसतो तो यातूनच आला : १९१ गुणिले ४ म्हणजे ७६४. ‘डायनॅमिक’ रो-फॉरमॅटमध्ये (ओळी साठवण्याच्या पद्धतीत) मर्यादा ३०७२ बाइट आहे, त्यामुळे नव्या सर्व्हरवर १९१ ची गरज उरलेली नाही. ८.० वरून घेतलेली फाइल ५.७ वर चालवली तर १२७३ येते, कारण ८.० चे मूळ कोलेशन ५.७ ला ठाऊकच नाही. फाइलमध्ये कोलेशनचे नाव बदलले की काम होते.

पहिली एरर : मायएसक्यूएलचा क्लायंट पहिल्या एररला थांबतो. पोस्टग्रेसचा पीएसक्यूएल आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएलसीएमडी हे मात्र सांगितल्याशिवाय थांबत नाहीत. एक मूळ टेबल फसले की त्यावर अवलंबून असलेली सगळी फसतात आणि पडदा एररने भरतो. शेवटची एरर समोर दिसते म्हणून लोक तिच्या मागे लागतात. वर जाऊन पहिली शोधावी, ती सुटली की बाकीच्या बहुतेक आपोआप जातात. पीएसक्यूएलमध्ये ‘ऑन_एरर_स्टॉप’ लावून ठेवणे हेच शहाणपणाचे.

पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबलनिर्मिती ट्रान्झॅक्शनमध्ये घालून पूर्ण मागे घेता येते. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये प्रत्येक निर्मिती-आज्ञा तिथल्या तिथे कायम होते. अर्धवट चाललेली स्क्रिप्ट तिथे दुसऱ्यांदा चालवली की ‘टेबल आधीच आहे’ ही तक्रार येते (मायएसक्यूएलमध्ये १०५०, ओरॅकलमध्ये ९५५). हा पहिल्या अपयशाचा मागे राहिलेला कचरा असतो. त्यावर उपाय म्हणून फाइलच्या माथ्यावर ‘ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स’ लिहिण्याची पद्धत आहे. सरावाच्या मशीनवर ती ठीक. चालू व्यवहाराच्या सर्व्हरवर तीच फाइल कुणी चुकून चालवली तर डेटासकट टेबल जाते, म्हणून ड्रॉपच्या आज्ञा कायम वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात.

मूक दोष : ‘क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स’ ही आज्ञा फक्त नाव पाहते. त्या नावाचे टेबल असेल, मग त्यात निम्मे कॉलम नसले तरी, ती काही न करता पुढे जाते. मायआयसॅम या मायएसक्यूएलच्या जुन्या इंजिनवर फॉरेन की लिहिली तर मायएसक्यूएल ती वाचते आणि सोडून देते. ८.०.१६ च्या आधी ‘चेक’ अटींचेही तेच होत होते. गुण ० ते १०० मध्ये असावेत अशी अट स्क्रिप्टमध्ये दिसे आणि टेबलात ४५० गुण बिनधास्त जात. इनोडीबीवरही मायएसक्यूएल ८ पर्यंत कॉलमच्या ओळीतच लिहिलेले ‘रेफरन्सेस’ दुर्लक्षिले जाते. फॉरेन की टेबलाच्या शेवटी स्वतंत्र कलम म्हणून लिहावी लागते. पोस्टग्रेसमध्ये तीच ओळ पूर्ण चालते, म्हणून तिथून आलेल्या माणसाला शंकाही येत नाही.

त्यामुळे एरर आली नाही एवढ्यावर समाधान मानू नये. ‘शो वॉर्निंग्ज’ पाहावे. ‘शो क्रिएट टेबल’ने सर्व्हरने प्रत्यक्षात काय बांधले ते काढून स्क्रिप्टशी ओळीने ताडावे, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये तीच माहिती ‘इन्फर्मेशन_स्कीमा’मधून मिळते. मग मुद्दाम चुकीच्या ओळी घालून पाहाव्यात. नसलेल्या शाखेचा विद्यार्थी घातल्यावर मायएसक्यूएलने १४५२ देऊन नकार दिला तर फॉरेन की खरोखर लागली आहे. ४५० गुणांना ३८१९ देऊन नकार दिला तर ‘चेक’ही. ओळ मुकाट्याने आत गेली तर स्क्रिप्ट दुरुस्त करून टेबल पुन्हा करावे, आणि ते खरा डेटा भरण्यापूर्वी करावे.