स्टँडबाय: रिकाम्या सीटवर हक्क कुणाचा?

अमेरिकेतल्या विमानतळांवर फ्लाइट सुटायच्या आधी गेटवरच्या स्क्रीनवर एक यादी झळकते. आडनावाची पहिली तीन अक्षरं, पुढे नावाचं एक. ही स्टँडबायची यादी, म्हणजे सीट उरली तर मिळेल या आशेवर थांबलेल्यांची. यातल्या बहुतेक प्रवाशांकडे तिकीट असतं, फक्त त्या फ्लाइटचं नसतं. कुणाचं कनेक्शन हुकलेलं असतं, कुणाला रात्रीऐवजी दुपारीच निघायचं असतं. साठ वर्षांपूर्वी या रांगेत वेगळी माणसं असायची. पूर्ण भाडं ज्यांना परवडत नव्हतं, ती.

त्या काळी अमेरिकेत विमानाचं भाडं सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड या सरकारी मंडळाच्या मंजुरीनेच ठरायचं. स्वस्त तिकिटांची चढाओढ जवळपास नव्हतीच आणि विमानं बऱ्याच रिकाम्या सीटा घेऊन उडत. १९६६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने १२ ते २१ वयोगटासाठी निम्म्या भाड्याची योजना काढली. ३ डॉलरचं ओळखपत्र घ्यायचं आणि गेटवर थांबायचं. सीट उरली तर बसायचं. सैनिकांनाही अशीच सवलत होती आणि त्यांचा नंबर मुलांच्या आधी लागे. सुट्टीत घरी निघालेल्या कॉलेजच्या मुलांनी यावर एक युक्ती शोधली होती. खोट्या नावांनी फोनवरून बुकिंग करून ठेवायचं. ती माणसं येणारच नसत, सीटा मोकळ्या राहत. बुकिंग करून न आलेल्याला दंड नव्हता, म्हणून हे चाललं. पुढे बोर्डाने या सवलतीला वयावरून केलेला भेदभाव ठरवलं आणि ती बंद झाली.

पण या इतिहासातलं खरं धाडस फ्रेडी लेकर या ब्रिटिश उद्योजकाचं. परवान्यासाठी वर्षानुवर्षं झगडून २६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी लंडनचा गॅटविक विमानतळ ते न्यूयॉर्क अशी 'स्कायट्रेन' सुरू केली. भाडं एका बाजूचं ५९ पौंड. आगाऊ आरक्षण नाही. त्याच दिवशी रांग लावायची, तिकीट काढायचं, जेवण हवं तर त्याचे पैसे वेगळे. पुढच्या उन्हाळ्यात लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनजवळ लोक तिकिटासाठी फुटपाथवर स्लीपिंग बॅग टाकून झोपत होते. मोठ्या कंपन्यांना त्याच मार्गावर स्वस्त स्टँडबाय भाडी काढावी लागली. फेब्रुवारी १९८२ मध्ये लेकर यांची कंपनी बुडाली, तरी अटलांटिक ओलांडणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचं श्रेय मी त्यांनाच देईन.

स्वस्त स्टँडबाय संपवलं ते कंप्युटरने. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी १९७७ मध्ये 'सुपर सेव्हर' तिकिटं आणली. महिनाभर आधी काढा, स्वस्तात जा. १९७८ च्या कायद्याने भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठायला लागलं आणि मग कुठल्या फ्लाइटमध्ये किती सीटा उरतील याचा कंप्युटरवर अंदाज बांधून त्या आधीच विकणं हे कंपन्यांचं शास्त्रच झालं. शेवटच्या क्षणी येणारा आता गरजू गिऱ्हाईक मानला जातो आणि त्याच्याकडून सगळ्यात जास्त पैसे घेतले जातात. स्वस्त स्टँडबायचं दार इथे बंद झालं आणि मला ते फार मोठं नुकसान वाटतं. वेळ भरपूर आणि पैसा कमी, अशा माणसाला तो एक मार्ग होता.

उरली ती आजची यादी. ती आपल्या रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखी वाटते, पण इथे नंबर स्थिर नसतो. कंपनीच्या वरच्या श्रेणीचं कार्ड असलेला प्रवासी उशिरा येऊनही वर चढतो. त्यानंतर तिकिटाचा वर्ग, नाव नोंदवल्याची वेळ. सगळ्यात खाली कर्मचारी आणि त्यांचे घरचे: काही कंपन्यांत त्यांचा क्रम नोकरीच्या वर्षांवर, काहींत चेक-इनच्या वेळेवर. मुंबईत कालिन्याच्या एअर इंडिया कॉलनीत वाढलेल्यांना हे सांगायला नको. 'सब्जेक्ट टू लोड' तिकीट म्हणजे बॅगा भरून विमानतळावर जायचं आणि जागा नसेल तर त्याच बॅगा घेऊन परतायचं, हे त्या घरांत मुलांनाही ठाऊक असे.

२०२० च्या ऑक्टोबरपासून अमेरिकन एअरलाइन्सने आणि २०२१ च्या जानेवारीपासून युनायटेडने त्याच दिवशीच्या दुसऱ्या फ्लाइटसाठीचं स्टँडबाय तेव्हा सर्व प्रवाशांना मोफत केलं. नाव नोंदवायचं असेल तर ॲपमधूनही नोंदवता येतं. सकाळच्या पहिल्या फ्लाइटला प्रयत्न करणं शहाणपणाचं: ती हुकली तरी पुढे दिवसभराच्या फ्लाइट्स शिल्लक असतात. शेवटच्या फ्लाइटच्या यादीतून राहिलेल्याला मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं.