पिकअप कमी होणे (जुनी मोटारगाडी)

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडीचा वेग पूर्वीसारखा न वाढणे, चढावर वारंवार खालचा गिअर टाकावा लागणे, ओव्हरटेक करताना गाडीने दम टाकणे. गॅरेजमध्ये या तक्रारीला ‘पिकअप नाही’ किंवा ‘गाडी ओढत नाही’ म्हणतात. कारणे डझनभर असू शकतात आणि त्यांतली बरीचशी किरकोळ खर्चाची असतात. तरीही जुनी गाडी म्हटली की थेट ‘इंजिनचे काम’ सुचवले जाते. म्हणूनच निदानाचा क्रम महत्त्वाचा. मारुती ८०० हे त्याचे सोयीचे उदाहरण. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या या गाडीत ७९६ घनसेंमीचे तीन सिलिंडरांचे इंजिन होते. आधी त्याला पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणारा कार्बोरेटर होता, पुढे पेट्रोल मोजून फवारणारे इंधन इंजेक्शन आले.

पहिला प्रश्न असा : इंजिन ताकद देतच नाही, की दिलेली ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही, की चाकांनाच काही अडवते आहे? मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किमीच्या आसपास ॲक्सिलरेटर एकदम दाबून पाहावा. इंजिनाचा आवाज चढला, पण वेगाचा काटा त्यामागून हलला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. जळका वास आला तर शंकाच उरत नाही. ८०० च्या साध्या मॉडेलात इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा नव्हता, त्यामुळे ही परीक्षा कानांनीच होते. उलट, सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी लगेच मंदावत असेल, तर ब्रेक जाम झाला आहे का ते बघावे. थोडे अंतर गाडी चालवून चारही चाकांच्या रिमजवळ जपून हात न्यावा. एकच चाक फार तापलेले असेल तर दोष तिथेच. हँडब्रेकची केबल अडकणे आणि टायरमध्ये हवा कमी असणे, हेही याच वेळी तपासून घ्यावे.

यानंतर इंजिन. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडतो का ते पाहायचे. ताणून सैल पडलेली केबल किंवा पेडलखाली जमलेले जाड मॅट यामुळे थ्रॉटल अर्ध्यावरच थांबतो. मग कार्बोरेटर कितीही साफ केला तरी फरक पडत नाही. ही तपासणी फुकट होते आणि तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

एअर फिल्टर पाहून झाल्यावर ठिणगीकडे वळावे. तीनपैकी एक सिलिंडर बंद असेल तर इंजिन मिस मारते, म्हणजे ठोके चुकवते, आणि उभी गाडी थरथरते. प्लग काढले की बरेच कळते : करडा-तपकिरी रंग ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरकेपणा म्हणजे पेट्रोल कमी किंवा प्लग तापतो आहे, आणि तेलकट ओलावा म्हणजे ऑइल वर चढते आहे. प्लगच्या वायरी अंधारात बॉनेट उघडून पाहाव्यात. इंजिन चालू असताना वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर वीज प्लगपर्यंत न जाता बाहेरच उतरते आहे. डिस्ट्रिब्युटर प्रत्येक प्लगला वीज वाटतो; त्याच्यावरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (ठिणगीची वेळ अलीकडे आणणाऱ्या भागाचा) पडदा फाटला, तर हलक्या पायाने चालवताना गाडी सुस्त वाटते. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाशी जुळवणारा पट्टा) बदलल्यापासून पिकअप गेले असेल, तर बेल्ट एक दाता चुकून बसला आहे का ते आधी पाहावे. अशी गाडी चालू होते, पण ओढत नाही. तक्रार नेमकी कधीपासून सुरू झाली, हे मालकाला विचारायलाच हवे.

इंधनाचा दोष ओळखू येतो तो त्याच्या वेळेवरून. पाय देताच क्षणभर अडखळून गाडी मग पळते, ते कार्बोरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपामुळे (पाय देताच जास्तीचे पेट्रोल सोडणारा पंप). गावात ठीक, पण हायवेवर पूर्ण रेस दिली की काही वेळात मरगळते, ती पेट्रोलचा फिल्टर तुंबल्यामुळे किंवा पेट्रोलचा पंप थकल्यामुळे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाने जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे पडदे फुगतात किंवा चिरतात. शिवाय अशा पेट्रोलाला हवेशी वेगळे प्रमाण लागते; ऑक्सिजन सेन्सर असलेले इंजेक्शन ते मिश्रण जुळवून घेते, साध्या कार्बोरेटरला ते जमत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत सेन्सरचा दोष शोधण्यासाठी स्कॅनर लावतात. भारतात ऑनबोर्ड निदानप्रणाली (गाडीतले दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा) २०१० पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली, त्यामुळे त्याआधीच्या अनेक गाड्यांना आजचा स्वस्त स्कॅनर दाद देत नाही. तिथे वीज मोजणारा मल्टिमीटर लागतो आणि अनुभवी हात लागतो.

मुंबई-पुण्याकडे सीएनजी बसवलेल्या जुन्या गाड्या बऱ्याच आहेत. गॅस आत जाताना हवेची जागा अडवतो, म्हणून सुमारे दहा टक्के ताकद कमी होणे हा दोष नाही. पेट्रोलवर टाकताच गाडी खुलली, तर गॅसचा फिल्टर आणि गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर पाहावा. मात्र गॅस पेटायला ठिणगीही जोरदार लागते, त्यामुळे प्लग-वायरींचा अशक्तपणा आधी गॅसवरच उघड होतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी विरळ हवेमुळे पेट्रोलवरही टर्बो नसलेले इंजिन एक दशांशाहून अधिक ताकद गमावते. घाटातल्या तक्रारीतून तेवढे वजा करावे.

धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा सायलेन्सर आतून तुंबला, तर इंजिनाला श्वास सोडता येत नाही. व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवा ओढण्याची ताकद मोजणारा काटा) लावून इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर धरावे. काटा हळूहळू खाली येत राहिला तर वाट बंद आहे.

हे सगळे निर्दोष निघाले तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजावे. बॅटरी पूर्ण भरलेली, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर चालतो. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, आणि त्यासाठी फक्त हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागते. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील, तर त्यांच्या मधले हेड गॅस्केट (हेडखालचे सांधा बंद ठेवणारे पॅकिंग) जळाल्याची शक्यता सर्वाधिक.