टूथपेस्टने नळावरचा ओरखडा जातो?

"नळावर ओरखडा पडलाय? टूथपेस्ट चोळा, गायब!" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा वाटतो, कारण चोळल्यावर नळ खरंच उजळतो. पण निघतो तो साबणाचा आणि क्षारांचा थर, ओरखडा नाही.

चकचकीत नळ बहुधा पितळेचा असतो. त्यावर निकेलचा थर आणि सगळ्यात वर क्रोमचा मुलामा, साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी! ओरखडा म्हणजे या मुलाम्यात पडलेली चर. पेस्ट ती भरणार कशाने? नवा मुलामा चढवणं किंवा नळ बदलणं, हेच खरे उपाय. काळ्या किंवा मॅट नळावर तर पेस्ट लावूच नका, तिच्यातली बारीक पूड रंगाचा थर घासते.

बेसिनची गोष्ट मात्र निराळी. पांढऱ्या सिरॅमिकवर दिसणाऱ्या करड्या रेघा बऱ्याचदा ओरखडे नसतातच. बादलीची कडी किंवा अंगठी घासली की मऊ धातू कठीण ग्लेझवर, म्हणजे सिरॅमिकच्या काचेसारख्या वरच्या थरावर, उमटतो, कागदावर पेन्सिल उमटावी तसा. रेघेवरून आडवं नख फिरवून बघा. अडकलं तर ओरखडा, सरळ सरकलं तर डाग. असा डाग ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हाताने चोळला की बहुधा निघतो, आणि इथे टूथपेस्टही चालते बरं का. ॲक्रिलिकच्या टबवरचा उथळ ओरखडा तेवढा बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, खरोखर घालवता येतो.