झड लागण्याआधी समुद्रात काय घडतं? बोयांची पार्श्वभूमी

भंडारा-गोंदियात रोवणीच्या वेळी येणारा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरात तयार होतो. तिथला कमी दाबाचा पट्टा ओडिशाच्या किनाऱ्याला लागतो, छत्तीसगड ओलांडतो आणि मग वैनगंगेच्या खोऱ्यात झड लागते. त्यामुळे आपल्या बांधीतल्या पाण्याचा हिशेब शेकडो किलोमीटरवरच्या समुद्रात सुरू होतो.

पूर्वी त्या समुद्राची खबर फक्त जहाजांच्या नोंदवह्यांतून मिळे. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी अशाच नोंदवह्या चाळून १८४८ साली ‘सायक्लोन’ हा शब्द दिला. १८६४ च्या वादळाने कलकत्ता झोडपलं, पुढे १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला. त्यानंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग उभा राहिला. पण वादळाचा इशारा मिळाला की जहाज वाट बदलतं. म्हणजे नोंद जिथे सगळ्यात जास्त हवी, नेमकी तिथेच ती नसते.

ही उणीव नांगरून ठेवलेल्या बोयांनी, म्हणजे समुद्रावर तरंगत हवा-पाण्याची मोजमापं पाठवणाऱ्या यंत्रांनी भरून काढली. १९८२ चा एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं) उशिरा ओळखला गेला, कारण मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीच्या धुरळ्याने उपग्रहांची तापमानं चुकवली होती. त्या धड्यातून प्रशांत महासागरात सुमारे ७० बोयांची रांग १९९४ पर्यंत पूर्ण झाली. भारताचा बोया कार्यक्रम १९९६ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत सुरू झाला.

खोल समुद्रातल्या बोयाचा दोर बहुधा खोलीपेक्षा लांब ठेवतात, नाहीतर लाटेत तो ताणून तुटतो. वरच्या भागात बुडणारं नायलॉन आणि खाली तरंगणारं पॉलिप्रॉपिलीन वापरतात. त्यामुळे सैल दोर ना वर येतो, ना तळाला घासतो. लाट थेट मोजता येत नाही. बोयाचं वर-खाली होणारं त्वरण नोंदवून त्यावरून गणिताने उंची काढतात. बातमीत येणारी उंची ही सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही उठते.

बिघाड मात्र साधेच असतात. क्षारता मोजणाऱ्या नळीत शेवाळ आणि बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचधारी जीव) साचले की पाणी आहे त्यापेक्षा गोडं दिसतं. बंगालच्या उपसागरात हे फसवं आहे, कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी यांच्या पाण्याचा गोडा थर तिथे खरोखरच असतो आणि तोच उष्णता वर धरून ठेवतो. शिवाय बोयाच्या सावलीला मासे जमतात, माशांमागे नावा येतात, नाव बोयालाच बांधली जाते आणि कधी सौर पट्ट्या तर कधी बॅटरीही जाते. मग वायुदाबाचे आकडे येणं थांबतं, आणि ढगांचे माथे दाखवणाऱ्या उपग्रहाच्या चित्रात ढगाखालचा दाब थेट दिसत नाही.